दोघांचीच सहल

रजेच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. लग्नानंतर वर्षानुवर्षं मी त्यात डोळे मिटून 'चर्चचं सेवाशिबिर' असं लिहीत आले. गेल्या वर्षी मात्र पेन तिथंच अडलं. शेवटी लिहिलं, 'घरगुती काम'. खरं कारण लिहायची चक्क लाज वाटली. तीन दिवस नवऱ्याबरोबर नुसतं फिरायला जायचं, हे काय कारण झालं?

आमचं लग्न 2013 च्या जानेवारीत झालं. महाबळेश्वरला जायचं ठरत होतं, तेवढ्यात मराठवाड्यातल्या दुष्काळाच्या बातम्या यायला लागल्या. एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जालना जिल्ह्यात जाणाऱ्या तुकडीसाठी नावं मागितली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. दोन हात वर गेले. महाबळेश्वरच्या पैशांचं धान्य झालं.

एप्रिलमधलं ते जालना मी विसरू शकत नाही. मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपणासारख्या उभ्या होत्या. टँकर आला की हंडे-कळश्या घेऊन सगळं गाव धावायचं. आम्ही बायका शाळेच्या वर्गात झोपायचो, पुरुष ओसरीवर. नव्या नवरीला नवरा दिसायचा तो दिवसातून दोनदा, टँकरची नळी धरून उभा असलेला! निघायच्या दिवशी एका आजींनी आपल्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "नवी नवरी हाईस, कोरड्या पायानं कशी धाडू?"

परतताना जालन्याजवळचं बेथेल पाहिलं. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. त्या दिवसापासून शिबिरं हा आमच्या घरचा कुळाचारच झाला. 2019 च्या महापुरानंतर सांगलीत गाळ उपसला, 2021 मध्ये चिपळूणला गेलो. प्रत्येक वेळी बरोबर वीस-पंचवीस माणसं आणि भिंतीवर वेळापत्रक.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून घोळक्यातच हिंडताय. दोघंच कधी जाणार? लेकीला मी सांभाळते." बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहणारी माझी मैत्रीण त्याच सुमारास गावाला निघाली होती. तिनं घराची किल्ली देऊ केली. पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसनं आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरूला उतरलो आणि मेट्रोनं एकच स्टेशन जाऊन संपिगे रोडला पोचलो.

पहिला दिवस मात्र फार अवघड गेला. ह्यांनी सवयीनं पहाटे उठून ताशी कार्यक्रम आखला होता, शिबिरासारखा. दुपारपर्यंत लेकीचा अभ्यास, गॅसचा नंबर, घराचे हप्ते हे सगळे विषय बोलून संपले. संध्याकाळी मार्गोसा रोडवरच्या प्रसिद्ध सीटीआरमध्ये बेण्णे डोसा खायला गेलो. बेण्णे म्हणजे लोणी. गर्दीमुळे आमच्या टेबलावर आणखी दोन अनोळखी गृहस्थ येऊन बसले. त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलताना ह्यांचा चेहरा असा काही खुलला, की माझ्या घशात घास अडकला. मनात आलं, माझ्याशी एकट्यानं बोलायचं हा माणूस विसरला आहे का? आणि मी तरी?

दुसऱ्या दिवशी आठव्या क्रॉसवर फुलांच्या राशी पाहत हिंडलो. 1898 मध्ये बंगळुरूत प्लेगची साथ आली, तेव्हा लोकांना दाट वस्तीतून मोकळ्या जागी हलवण्याची निकड भासली आणि ही आखीव-रेखीव वस्ती वाढली. संपिगे म्हणजे चाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. रस्त्यांनासुद्धा झाडांची नावं! मल्लेश्वरम हे नाव ज्याच्यावरून पडलं, ते काडु मल्लेश्वराचं देऊळ तर आपल्या मराठ्यांशी जोडलेलं. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती. त्यांचे पुत्र, शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी म्हणजेच एकोजी यांनी हे देऊळ बांधलं असं सांगतात. त्यांनी इथल्या देवाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. इतिहास शिकवणारे हे मास्तर तिथं रमून गेले.

समोरच नंदीतीर्थ आहे. जमिनीखाली गाडलेलं हे देऊळ 1990 च्या दशकाच्या अखेरीस खोदकामात वर आलं. नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पाण्याची धार पडत राहते आणि ते पाणी खालच्या पुष्करणीत जातं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. ती धार पाहता पाहता मला जालन्याचा तांब्या आठवला. आजींची ती गोष्ट मी ह्यांना कधी सांगितलीच नव्हती! त्या दिवशी सांगितली.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरं सांगू? मला तेव्हा महाबळेश्वरलाच जायचं होतं. तुझा हात वर गेला म्हणून मी केला."

"अहो, माझा हात तुमचा पाहून वर गेला!"

आम्ही इतके हसलो, की शेजारच्या बाई वळून पाहायला लागल्या. हसू ओसरल्यावर ह्यांनी हळूच विचारलं, "सांगलीलासुद्धा?"

मला उत्तर देता येईना. त्या वर्षी दुसऱ्या खेपेचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. दीड महिन्यात मी सांगलीत हातात फावडं घेऊन उभी होते. ह्यांना वाटलं, कामात हिचं मन रमेल. मला वाटलं, ह्यांना जायचं आहे, मी अडवायचं कशाला? लोकांची घरं धुऊन दिली, पण आपल्या घरात बसून दोघांनी मिळून रडायचं राहूनच गेलं. ते आम्ही नंदीतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून केलं. ह्यांनी खिशातला रुमाल काढून मला दिला आणि स्वतः डोळे मनगटानं पुसले.

तिसऱ्या दिवशी वेळापत्रक नव्हतं. 1882 मध्ये बांधलेल्या सँकी तलावाच्या काठावर नुसते बसलो. फारसं बोललोही नाही, पण ती गप्प राहण्याची तऱ्हा पहिल्या दिवसापेक्षा वेगळी होती. येताना सासूबाईंसाठी ताजी दळलेली कॉफी घेतली.

मैत्रिणींनो, सेवा वाईट असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या तांब्याभर पाण्याचं ऋण माझ्यावर आहे आणि आम्ही यंदाही शिबिराला गेलो. पण आता हात वर करण्याआधी आम्ही घरी एकमेकांना तोंडानं विचारतो, "तुला खरंच जायचंय का?" नजरेवरून सगळं कळतं, या भरवशावर आम्ही फार वर्षं काढली.

परवा पुन्हा रजेचा अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पतीबरोबर फिरायला जाणे'. साहेबांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.