पिवळा दिवा

रोगाचें निदान होण्यापूर्वीं दोषी कोण हें ठरवून टाकण्याची मनुष्यास मोठी हौस असते. आमचें एकत्र कुटुंबही या हौसेपासून मुक्त नाहीं, याचा प्रत्यय आम्हांस नुकताच आला.

चतुर्थीस यवतमाळहून कळंबास, जमिनीखालच्या गाभाऱ्यांतील चिंतामणीच्या दर्शनास, आम्ही सहकुटुंब गेलों होतों. परततांना आमच्या जुन्या मोटारींत स्टिअरिंगसमोर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गाडी हिसके देऊं लागली व दुसऱ्या गिअरच्या पुढें जाईना. आदल्या आठवड्यांत पुतण्यानें ती नागपुरास नेली होती. थोरले बंधू म्हणाले, "पोरानेंच गिअर मोडला असणार." आम्हींही मान डोलावली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. रात्रीं मात्र तो जेवला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजवाल्यानें, गाडी नीट न तपासतांच, गिअरबॉक्स बदलण्यास ६०,००० रुपये सांगितले. मातोश्रींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं ठेवलेल्या रकमेकडे सर्वांची दृष्टि गेली.

तेव्हां पुतण्यानेंच हजारभर रुपयांचें एक छोटें यंत्र आणलें. २०१३ नंतरच्या मोटारींत स्टिअरिंगखालीं सोळा टोकांची खोबण असते. तींत तें बसवितां गाडीनें नोंदलेले दोषांक मोबाइलवर दिसतात. आमच्या गाडीचे दोन निघाले: पी ०७०० व पी ०५६२. पहिल्याचा अर्थ इतकाच कीं, गिअर सांभाळणाऱ्या संगणकास कांहीं दोष आढळला आहे. कोणता, तें त्यांत नाहीं. तें तक्रारदाराचें नांव, अपराध्याचें नव्हे! दुसरा सांगत होता कीं, विजेचा दाब उतरला आहे. आमच्या गाडींत क्लच दाबणें व गिअर बदलणें हीं कामें विजेवरच चालतात. दाब उतरला कीं तीं चुकतात.

बॉनेट उघडून पाहतों तों बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवा थर! बॅटरी पांच वर्षांची, आणि आमच्याकडचा उन्हाळा बॅटरीस लौकर म्हातारपण आणतो. एंजिन बंद असतां दाब साडेबारा व्होल्टांच्या आसपास हवा. आमचा बाराच्याही खालीं होता. एंजिन सुरू करतां चौदा दिसला. म्हणजे वीज उत्पन्न करणारें यंत्र शाबूत होतें. टोकें स्वच्छ करून नवी बॅटरी बसविली; सहा हजारांच्या आंत काम झालें.

प्रत्येक वेळीं इतकें स्वस्तांत सुटेल असें नाहीं. कधीं गिअरबॉक्स खरोखरच जातो. तथापि स्वस्त शंका आधीं फेडाव्या. दोषांक पुसण्यापूर्वीं लिहून ठेवावे. तेलाचा वा उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यास गाडी तत्काळ थांबवावी. स्थिर पिवळा असल्यास जपून घर गांठावें. पिवळा लुकलुकत असेल तर गाडी दामटूं नये.

पुढल्या चतुर्थीस थोरल्या बंधूंनीं किल्ली पुतण्याच्या हातीं दिली व म्हणाले, "चल, आज तूंच चालव." आम्ही मुकाट्यानें मागें बसलों. कळंबापर्यंत दिवा लागला नाहीं.