रुळांच्या अलीकडे

कोपरीतल्या माणसाला ठाणे स्टेशनचा पूल ओलांडायचा असला की तो म्हणतो, "जरा पलीकडे जाऊन येतो." पलीकडे म्हणजे बाजारपेठ, तलावपाळी, कोपिनेश्वर, नाटकं आणि अर्थात व्याख्यानंही. म्हणून आमच्याच बाजूला दर शनिवारी संध्याकाळी इतिहासाचा वर्ग भरणार आणि महिन्यातून एकदा सहल निघणार, असा कागद सोसायटीच्या फळ्यावर लागला, तेव्हा पहिली प्रतिक्रिया आली, "त्यात कोपरीचं काय असणार?"

मलाही तेच वाटत होतं. पण बँकेतून निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं आणि शनिवारच्या संध्याकाळी रिकाम्या होत्या. गेले.

एका शाळेच्या वर्गात पंचवीसेक माणसं जमली होती, पाचवीच्या मुलांच्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून. त्यात तीस वर्षं लोकल चालवून निवृत्त झालेले एक मोटरमन काका होते. कोपरी कॉलनीत कापडाचं दुकान असलेले एक सिंधी काका होते. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी सकाळची मासळी विकून, दुपारची झोप सोडून सुनेबरोबर आल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या, वय जेमतेम पस्तिशीचं. सगळे त्यांना "मॅडम" म्हणत, त्या सगळ्यांना काका-मावशी म्हणत.

पहिला विषय रेल्वेचा. "16 एप्रिल 1853, दुपारी साडेतीन, बोरीबंदर..." एवढं मॅडम म्हणतात न म्हणतात तोच मोटरमन काकांनी वाक्य हिसकावून घेतलं. चौदा डबे, चारशे माणसं, एकवीस मैल, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी, 1854च्या मे महिन्यात खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोचली, हेही त्यांनी जोडून दिलं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आता सांगा, हे रूळ कुणाच्या दारावरून गेले?"

काका गप्प. मागच्या बाकावरून मावशी म्हणाल्या, "आमच्या. अर्धी चेंदणी त्या अंगाला, अर्धी या अंगाला. माझं माहेर पलीकडं, सासर अलीकडं. वरात पुलावरून आली माझी."

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. व्याख्यात्याने श्रोत्याचं बोलणं लिहून घेताना मी तरी त्याआधी पाहिलं नव्हतं.

व्याख्यानं ऐकण्यात मराठी माणूस मागे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो 1875 साली. आमच्या भागात त्याहून जुनं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय आहे, 1864 सालचं. आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे. पण व्याख्यानमालेचा साचा ठरलेला: हार, नारळ, वक्त्याचा परिचय (लांब), व्याख्यान (त्याहून लांब), आभार. श्रोत्याने डुलकी घेतली तरी कुणाचं काही अडत नाही. विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांनी हा साचा थोडा मोडला. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पुरातत्त्वाचे वर्ग सर्वांना खुले केले आणि नोकरी-धंदा सांभाळणारी माणसं त्यात येऊन बसली. पुढे साष्टी बेटाच्या पाहणीत अशीच माणसं वीरगळ, गधेगाळ आणि भग्न मूर्ती शोधत गल्लीबोळांतून हिंडली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचं बेट. ठाणे त्याच्या एका टोकाला, आणि कोपरी त्या टोकाच्याही काठावर. आमचा वर्ग कुठल्याच विद्यापीठाचा नव्हता, प्रमाणपत्रही मिळणार नव्हतं. तऱ्हा मात्र तीच.

दुसऱ्या शनिवारी ताम्रपट आला. ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना 1787 मध्ये तो सापडला आणि पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याच्या 'आशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात छापून आला. शिलाहार राजा अरिकेसरीचं हे दानपत्र शके 939चं, म्हणजे इसवी सन 1017चं. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव येतं 'स्थानक'.

"म्हणजे हजार वर्षांपूर्वीही हे स्टेशनच!" मोटरमन काका ओरडले. मॅडमही हसल्या, आणि पुढची पाच मिनिटं वर्ग हातात राहिला नाही.

त्यानंतरची पहिली सहल 'पलीकडे', किल्ल्याला. किल्ला पाहायचा म्हणजे खरं तर बाहेरून भिंत पाहायची, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 मध्ये मराठ्यांकडे आला आणि 1774च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकला. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातल्या अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी इथेच फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. मॅडमनी एवढंच सांगितलं आणि त्या थांबल्या. रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

मग त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट काढली. पेशव्यांचा हा कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इथे कैदेत होता. विश्वास नको म्हणून इंग्रजांनी पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले. खिडकीखाली एक मोतद्दार रोज घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणे. गाण्यात पळून जाण्याचा बेत होता, पण पहारेकऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. 1816च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. "इंग्रजी शाळेत घातलेल्या माझ्या नातवांनाही कळलं नसतं," वर्गातल्या एक आजी म्हणाल्या. त्यावर हसावं की नाही, हे कुणाला ठरवता आलं नाही.

दुसरी सहल अंबरनाथची. रविवार होता, म्हणजे मेगाब्लॉक. पण वेळापत्रक मोटरमन काकांनी आखलं होतं आणि गाडी त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही. कल्याण मागे पडलं तसे सिंधी काका खिडकीशी सरकले. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, मग फाळणीनंतर 'कल्याण कॅम्प', आणि 1949च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव, इतका इतिहास मॅडम सांगणार होत्या. काकांनी तो आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला सांगितला: कराचीहून बोटीतला प्रवास, बराकीतली एक खोली, मधे पडदा लावून दोन कुटुंबं. "आम्ही नंतर कोपरीला आलो," ते म्हणाले. "तिथंही सुरुवातीला सगळे कॅम्पच म्हणायचे." डब्यातल्या अनोळखी माणसांनीही मोबाइल खाली ठेवले होते.

देवळाशी पोचल्यावर आधी नाकाला जाणवते ती वालधुनी. नदीचं पाणी काळं, आणि तिच्या काठावर नऊशे साठ वर्षांहून जुनं, इंच इंच कोरलेलं काळ्या दगडाचं शिवमंदिर. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघ्यांच्या तक्रारी वर ठेवून सगळे उतरले.

मॅडमनी शिलालेखाची हकिगत सांगितली ती बाहेर, सावलीत. 1868 च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेची मंडळी इथे येऊन राहिली, त्यांनी चित्रं काढली, कोरीवकामाचे साचे घेतले. म्हणजे शैक्षणिक सहलीत आमचा नंबर पहिला नव्हता. शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी वाचला, त्यातला शक 782 असा लावला. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा 982 असा वाचला आणि मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आलं: इसवी सन 1060, राजा मुम्मुणी.

"एवढ्या मोठ्या माणसाचं चुकलं?" सिंधी काकांनी विचारलं.

"झिजलेल्या दगडावरचा एक अंक, काका. दुसऱ्याने पुन्हा पाहिला म्हणून कळलं."

बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला ही हकिगत शिल्पांपेक्षा जास्त आवडली. तिथे सात आणि नऊमधल्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

परतीच्या गाडीत पुढची सहल ठरत होती. ती कोपरीतलीच, मीठबंदराची. खाडी, मिठागरं आणि गलबतांची जुनी वाट. मॅडमनी कालनिर्णय उघडून पुढच्या महिन्यातला रविवार सांगितला, सकाळी आठची वेळ. भरतीचं पाणी बंदरापर्यंत कसं चढतं, ते त्यांना दाखवायचं होतं.

मावशींनी तिथी विचारली. अष्टमी होती.

"मग काय बघशील? अष्टमीला भांग असतो, पाणी चढतच नाही," मावशी म्हणाल्या. "पुनवेला ये. बाराच्या सुमाराला भरतं."

मॅडमनी अष्टमीवर काट मारली आणि पुनवेला कुठला वार येतो ते शोधू लागल्या. सोमवार निघाला. सिंधी काका म्हणाले, दुकान दुपारी बंदच असतं.