बेलिफ नसलेलं न्यायपीठ

जहाज अरेस्ट करायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँच केली होती. सोबत शेरीफच्या कचेरीतला बेलिफ. त्याच्या पिशवीत मुंबई उच्च न्यायालयाचं वॉरंट आणि चिकटपट्टीचं रीळ. दोरशिडी चढताना त्याची एक चप्पल पाण्यात गेली. तशा एका चपलेवरच तो ब्रिजपर्यंत गेला, काचेवर कागद डकवला, आणि डोंगराएवढं जहाज नांगरावरच अडकलं. कोर्टाचा अधिकार म्हणजे काय, ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आंतरराष्ट्रीय समुद्री लवादांकडे असा बेलिफ नसतो. मग त्यांचा हुकूम कोण मानतो, आणि का?

‘एनरिका लेक्सी’चंच घ्या. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळपासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर या इटालियन तेलवाहू जहाजावरून ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन मच्छीमार ठार. आरोप होता जहाजावरच्या दोन इटालियन नौसैनिकांवर. त्यांना म्हणे बोट चाच्यांची वाटली. केरळ पोलिसांनी त्यांना पकडलं. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इतक्या दूर राज्याची हद्द पोचत नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावं. २०१५ मध्ये इटलीने लवाद मागितला.

भारताला जावंच लागलं, कारण संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याच्या कराराला आपण १९९५ मध्ये मान्यता दिली होती. तंटा कुठे न्यायचा याचे चार पर्याय त्याच्या २८७व्या कलमात आहेत. इटलीने हॅम्बुर्गचं समुद्री न्यायाधिकरण आणि हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय निवडलं होतं. आपण काहीच निवडलं नव्हतं. कलमातली मेख इथेच आहे: जो निवडत नाही, त्याने सातव्या परिशिष्टातला लवाद पत्करला असं धरतात. आपलं गप्प बसणं हाच आपला होकार ठरला.

लवादाचे पाच सदस्य नेमले जाईपर्यंत तात्पुरता आदेश हॅम्बुर्गने द्यायचा. त्याने २४ ऑगस्ट २०१५ रोजी दोन्ही देशांना खटले थांबवायला सांगितलं. दोनच दिवसांत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामकाज स्थगित केलं. दारात बेलिफ उभा नव्हता, तरीही.

लवादाच्या २०२० च्या निवाड्याशी मात्र माझं भांडण आहे. बोटीच्या संचारस्वातंत्र्याचा भंग केल्याबद्दल इटलीने भरपाई द्यावी, इथवर ठीक. पण नौसैनिक सरकारी कामावर होते, म्हणून भारतीय कोर्टांपासून त्यांना संरक्षण, असंही तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. या संरक्षणाचं कलम करारात नाही. लवादाने तो ‘आनुषंगिक प्रश्न’ म्हणून हाती घेतला. बांधाच्या तंट्याला बसलेल्या पंचांनी जाता जाता वारसाहक्कही उरकावा, तसं हे. लवादातल्या रॉबिन्सन आणि श्रीनिवास राव या दोघा सदस्यांनी भिन्नमत दिलं. मी त्यांच्या बाजूचा.

इटलीने दहा कोटी भरले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नौसैनिकांवरचा खटला मिटवला. मृतांच्या कुटुंबांना चार-चार कोटी, दोन कोटी बोटमालकाला. बोटीवर आणखी मच्छीमार होते. लवादापुढे पक्षकार असतात ती राष्ट्रं, त्यामुळे तिथे या मच्छीमारांना उभं राहायला जागाच नव्हती. त्यांनी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, तेव्हा २०२२ मध्ये बोटमालकाच्या दोन कोटींतून पाच-पाच लाख त्यांच्या वाट्याला आले.