होळकरांच्या इंदुरात शेळ्यांचा धडा

प्रवासवर्णन म्हटले की राजवाडे, नद्या आणि रम्य देखावे यांची अपेक्षा आपण करता. त्यांचे थोडेबहुत दर्शन पुढे घडेलच. परंतु आमच्या इंदूरच्या प्रवासाचे मूळ मेलेल्या सात करडांत आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

संगमनेर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामात तरुण मुलामुलींचे एक मंडळ आहे. दुभत्या शेळ्या पाळण्याचे शिक्षण त्यांना मिळावे, घरच्या लहानग्यांच्या तोंडी दूध पडावे आणि चार पैसेही गाठीस राहावेत, या हेतूने आम्ही मंडळाला सहा संगमनेरी शेळ्या घेऊन दिल्या. अध्यक्षपद अर्थातच आमच्याकडे होते. दर रविवारी आम्ही मुलांना चार शब्द सांगितले आणि भिंतीवर वारांचा तक्ता लावला. सोमवारी अमका चारा घालील, मंगळवारी तमकी गोठा झाडील, अशी सर्व व्यवस्था कागदावर चोख होती. पहिल्या पावसाळ्यात अकरा करडे जन्मली आणि त्यांतील सात दगावली. शेवटचे करडू पुरून आल्यावर मंडळातील एक पंधरा वर्षांची मुलगी आमच्यापाशी आली व म्हणाली, "फादर, उरलेल्या विकून टाका. आम्हांला नाही जमत." विकणे म्हणजे खाटकाला देणे, हे तिला आणि आम्हांलाही ठाऊक होते.

त्याच सुमारास इंदूरच्या एका स्नेही धर्मगुरूंचे पत्र आले. त्यांच्या ओळखीचे एक वयोवृद्ध पशुवैद्य आपला अनुभव सांगावयास तयार होते. शेळ्या विकण्याचा निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलून दोन मुलगे, दोन मुली व त्यांपैकी एकीची आई यांना घेऊन आम्ही निघालो.

नाशिकहून आग्रा रस्त्याला लागले की मालेगाव, धुळे, शिरपूर अशी गावे मागे पडतात. बिजासन घाट चढून गेल्यावर महाराष्ट्र संपतो, पण मराठी संपत नाही. खलघाटला नर्मदेचे विशाल पात्र ओलांडले, तेव्हा सोबतच्या आईंनी पदर सावरून हात जोडले. पुढे मानपूरचा घाट चढला की माळव्याचे पठार लागते, आणि महू मागे टाकून आपण इंदुरात शिरतो.

इंदूरचा राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्या 1725 साली आमच्याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मल्या. 2024 साली जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळून तो अहिल्यानगर झाला. त्यांचे सासरे मल्हारराव धनगराच्या घरचे. पोरवयात त्यांनी खानदेशात मामाच्या घरी मेंढरे राखली होती. हे ऐकून आमच्यातील एक मुलगा सात मजल्यांकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. गुराख्याचे काम हलके समजणाऱ्या मुलांना आम्ही प्रवचनातून जे सांगू शकलो नव्हतो, ते त्या वास्तूने सांगितले.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांची भेट झाली. हे इंदूरचे मराठी गृहस्थ. 1955 साली महूला स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात ते शिकले होते. आमची कर्मकहाणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि मुलांना एकच प्रश्न विचारला, "मेलेली करडे कोणाची होती?"

"मंडळाची," मुले म्हणाली.

"म्हणजे कोणाचीच नव्हती," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेक चूक उलगडून दाखविली. करडू जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच त्याच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे, कारण रोगाशी झुंजण्याचे बळ त्याला त्यातूनच मिळते. आमच्याकडे रात्री व्यालेल्या शेळीजवळ सकाळपर्यंत कोणी फिरकत नसे. करडाला कोरडी जागा हवी. जमिनीपासून उंच, फटी असलेला फळ्यांचा वा बांबूंचा माच केला, की लेंड्या व मूत्र खाली पडते आणि अंग कोरडे राहते. आमच्या गोठ्यात पावसाळाभर चिखल होता. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचावयाची असते. पीपीआर या साथीची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाले की द्यावयाची. आम्ही दोन्ही लसी 'पुढच्या महिन्यात' देणार होतो. आमच्या दुधाला उग्र वास येतो म्हणून कोणी ते घेत नाही, अशी तक्रार मुलींनी केली. त्यावर ते म्हणाले, "बोकड दुभत्या शेळ्यांत बांधू नका. कास धुऊन, कोरडी करून, स्वच्छ भांड्यात धार काढा आणि दूध उकळून प्या. वास राहणार नाही."

उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो उंटावरचा शहाणा आपणच आहोत, हे मात्र त्या दिवशी कळले. उत्तम मेंढपाळ आणि मोलकरी यांच्या दाखल्यावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! मोलकरी पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. आम्ही तक्ता लावून सहा शेळ्यांना सात वारांचे मोलकरी नेमले होते.

पशुवैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत 1902 पासून खेड्यांतील मुलांची मंडळे उभी राहिली. त्यांना आज फोर-एच म्हणतात. तेथे मूल एखादे करडू वा वासरू स्वतःचे म्हणून वाढविते, त्याचा जमाखर्च स्वतः लिहिते आणि करून शिकते. तेथील मुले पाळतात त्या लांब कानांच्या न्यूबियन शेळ्यांत आपल्या इटावा भागातील जमनापारी जातीचे रक्त आहे. आपल्या शेळ्या इंग्लंडला गेल्या, तेथे संकर झाला आणि ती जात पुढे अमेरिकेत पोहोचली. 2019 च्या पशुगणनेत आपल्या देशात 14 कोटी 88 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. तरी देशातील दर शंभर लिटर दुधात शेळीचे दूध सुमारे तीनच लिटर असते. शेळीकडे आपण मांस म्हणून पाहतो, दुभते जनावर म्हणून क्वचितच.

परतण्यापूर्वी खंडवा रस्त्यावरील कस्तुरबाग्राम पाहिले. 1944 साली पुण्याच्या आगाखान महालात, कैदेत असताना, कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीतून खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी न्यास स्थापन झाला, त्याचे हे मुख्य केंद्र. येथे कृषी विज्ञान केंद्रही असून ग्रामीण तरुणांना शिक्षण देणे हे अशा केंद्रांचे एक नेमून दिलेले काम आहे. 1919 साली गांधीजी आजाराने खंगले होते, पण दूध न पिण्याच्या व्रतामुळे डॉक्टरांचे ऐकत नव्हते. तेव्हा व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते हे ओळखून शेळीच्या दुधाची वाट कस्तुरबांनी दाखविली. त्या दुधाने त्यांना पुन्हा बळ आले. हे ऐकून सोबतच्या आई म्हणाल्या, "बघा फादर, शेळी शेवटी बाईलाच आठवली!"

जाता जाता कृषी महाविद्यालयाची जागाही पाहिली. तेथे 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. लेंड्यांचा ढीग उघड्यावर वाळू देणाऱ्या आमच्या मंडळाला हा धडाही हवाच होता.

घरी आल्यावर प्रथम आम्ही तो तक्ता भिंतीवरून काढला. सहा शेळ्या सहा मुलांच्या नावे करून दिल्या. प्रत्येकाने एक वही ठेवावी आणि पहिले मादी करडू मोठे झाल्यावर मंडळाला परत द्यावे, म्हणजे ते दुसऱ्या घरी जाईल, असे ठरले. मुलांनी बांबूचा माच बांधला आणि लसी वेळेवर टोचून घेतल्या. पुढील पावसाळ्यात दहा करडे झाली. त्यांतील एक गेले.

ते त्याच मुलीच्या शेळीचे होते. तिने वहीत लिहिले आहे : 'रात्री तीनला जन्मले. फार अशक्त. चीक बोटाने पाजला. सकाळी गेले. दुसरे चांगले आहे.' शेळ्या विकण्याचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. त्या दुसऱ्या करडाला तिने नाव ठेवले आहे 'इंदू', आणि पुढील महिन्यात ते एका विधवा भगिनीच्या दारी जाणार आहे.