तळ्यातलं पहिलं पाणी

आज शेततळ्यात पहिलं पाणी पडलं. ३० बाय ३० मीटर, खोली ३. उतारते काठ धरून जवळजवळ २२ लाख लिटर. प्लास्टिकचा कागद अंथरण्याआधी दोन दिवस आम्ही खडा न् खडा वेचला. एक टोकदार खडा राहिला, तर पाणी जमिनीत.

तासगावात द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात, विहिरी आटतात त्याच वेळी. टँकरनं बाग जगवताना वडलांचा चेहरा मी पाहिलाय. आता कृष्णेचं उचललेलं पाणी आवर्तन संपलं तरी इथं थांबेल, ठिबकनं मुळाशी जाईल.

आईनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. वडील काठावर नुसते बसून होते. उद्या आधी कुंपण आणि दोर. कागदावरून घसरलेल्या लेकराला धरायला काहीच नसतं.