ढकल आधी, डाव मग

टोकियो, ७ मे

ती. आबांस,


सुखरूप पोहोचले. खोली कोदोकानपासून, म्हणजे ज्युदोच्या मूळ शाळेपासून, चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली आहे. कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये याच शहरातल्या एका देवळात बारा चटयांवर ज्युदो शिकवायला सुरुवात केली. आज कोदोकानच्या सातव्या मजल्यावरचं मुख्य दालन ४२० चटयांचं आहे. काल वरच्या गॅलरीत बसून सराव बघितला. पांढऱ्या केसांचे एक आजोबा कॉलेजच्या पोराला नुसत्या पायानं इतकं अलगद पाडत होते, की तुम्ही उठून दाद दिली असतीत.

निघताना तुम्ही विचारलं होतंत, एवढा ज्युदो शिकलीस, आता सुमो कशाला? गाडीची वेळ झाली होती म्हणून उत्तर राहिलं. हौशी सुमोत वजनगट असतात, त्यामुळे माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या पोरीलाही जागा आहे. २००१ पासून बायकांची जागतिक स्पर्धाही होते. मुंबईची हेतल दवे ज्युदोतूनच सुमोत आली आणि २००९ मध्ये तैवानच्या वर्ल्ड गेम्सपर्यंत पोहोचली. दुसरं उदाहरण तर तुमच्याच ओठांवरचं. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना हरवून सुवर्णपदक नेणारा शोहाची इशी मूळचा ज्युदोवाला. युद्धानंतर ज्युदोवर बंधनं आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला. म्हणजे डाव एका मातीतून दुसऱ्या मातीत नेता येतात. नेताना त्यांचं काय होतं, ते मला बघायचं आहे.

आजीला सांगा, भात रोज मिळतो.

तुमची,
वैशू


र्योगोकु, १८ मे

ती. आबांस,

आज सगळा दिवस कोकुगिकानमध्ये काढला. सकाळी खालच्या फळीतले पैलवान, दुपार कलल्यावर नावाजलेले. मातीचा उंच चौथरा, त्यावर ४.५५ मीटर व्यासाचा गोल आणि कडेला मातीत अर्धवट पुरलेल्या पेंढ्याच्या वळ्या. तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग टेकला किंवा पाय गोलाबाहेर पडला, की हार. चितपट करायला नको, दाबून धरायला नको. बऱ्याच लढती काही सेकंदांत आटोपतात.

सुमो संघटनेच्या यादीत ८२ डाव आहेत, पण पुन्हापुन्हा ऐकू येतात ते दोनच. योरीकिरी, म्हणजे कंबरेचा पट्टा धरून बाहेर नेणं आणि ओशीदाशी, म्हणजे हातांनी रेटत बाहेर काढणं. फेकी त्या मानानं थोड्या. पण एखादी झाली की मी जागेवरून उठत होते, कारण ती ओळखीची असायची. उचिगाके ही आमची ज्युदोतली ओ-उची-गारी, आतून पाय अडकवून पाडायची. काकेनागेत उचिमाता, म्हणजे मांडीच्या आतून पाय उचलून मारलेली फेक, दिसते. इप्पोनझेओई तर ज्युदोतही त्याच नावानं आहे आणि तुमचा धोबीपछाडही त्याच कुळातला. एस्टोनियाचा बारुतो असाच ज्युदो करून इथे आला, २०१० मध्ये ओझेकी, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाचा पैलवान, झाला आणि २०१२ च्या जानेवारीत त्यानं स्पर्धा जिंकली.

या चौथऱ्यावर बाईनं मात्र पाय ठेवायचा नाही. २०१८ मध्ये माइझुरू गावी महापौर भाषण करताकरता कोसळले आणि मदतीला धावलेल्या बायकांना खाली उतरायला सांगण्यात आलं. पुढे संघटनेच्या अध्यक्षांनी माफी मागितली, पण रिवाज तोच आहे. हौशी सुमोत ही आडकाठी नाही. पुढच्या आठवड्यात मी मातीवर उतरेन.

तुमची,
वैशू


टोकियो, २९ मे

ती. आबांस,

उतरले. मावाशी म्हणजे जाड सुती कापडाचा लांबलचक पट्टा, एकटीला बांधता येत नाही. आम्ही बायका तो व्यायामाच्या अंगाबरोबरच्या कपड्यांवर बांधतो. सराव शिकोनं सुरू होतो, एकेक पाय उंच उचलून जमिनीवर आपटायचा. मग सुरिआशी, म्हणजे कंबर खाली ठेवून, तळवे न उचलता सरकत पुढे जायचं. ज्युदोत ताठ उभं राहायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस मांड्या बोलत होत्या.

ज्युदोवाल्यांची पहिली अडचण हाताची. आमचा एक हात बाही ओढतो, दुसरा कॉलर उचलतो. इथे बाही नाही, कॉलरही नाही. आमच्या प्रशिक्षक बाई सांगतात, बाहीऐवजी समोरचीचा दंड काखेत आवळ, कॉलरऐवजी पाठीमागची मावाशी धर. दंड असा आवळून मारलेली फेक इथे कोतेनागे ठरते.

दुसरी अडचण पाठीची. खांद्यावरून फेकायच्या सेओई-नागेसाठी पाठ फिरवली आणि फेक अर्धवट राहिली, तर ज्युदोत बहुधा निभावतं. इथे मागून एक धक्का आणि तुम्ही बाहेर. गुडघ्यावर बसून मारायची सेओई तर सुरू होतानाच हरलेली. स्वतः पाठीवर पडून समोरच्याला डोक्यावरून भिरकावणारी तोमोए-नागेही त्याच हिशेबात गेली.

सगळ्यांत कठीण ती सवय. ज्युदो समोरच्याच्या जोराला वाट करून देतो; त्यानं ढकललं, तर आपण मागे सरत ओढायचं. या गोलात सरायला जागाच किती? बाईंचं म्हणणं, तिनं ढकललं तर ढकल, तिनं ओढलं तरी ढकल. आमच्यात एक फ्रेंच ज्युदोवाली आहे, उचिमातात तरबेज. ती एका पायावर तोल सावरते न सावरते तोच कडेबाहेर जायची. बाईंनी तिचे सगळे डाव काढून घेतले आणि तिला नुसतं रेटायला लावलं. काही दिवसांनी समोरची तिला थोपवायला जोरानं पुढे झुकली आणि त्याच क्षणी तिची तीच जुनी उचिमाता लागली. ज्युदोत ओढून मिळवायचा तो कलता तोल इथे ढकलून मिळवायचा. म्हणूनच ओ-उची, को-सोतो अशा पुढे चालताना मारायच्या टांगा आम्हाला इथे लवकर जमल्या. बाकीचे डाव पुढे चालायला शिकल्यावरच उपयोगी पडतात.

काही गोष्टी उलट्याही आहेत. कावाझुगाकेत समोरच्याच्या पायात पाय गुंतवून मागे पडायचं असतं. ज्युदोत तो निषिद्ध आहे, सुमोच्या ८२ डावांत मात्र आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदोत २०१० पासून पाय धरण्यावर बंधनं आली आणि पुढे ते पूर्ण बंद झालं, म्हणून मी ते कधी घोटलंच नाही. इथे आशितोरी, म्हणजे पाय धरून पाडणं, चालतं. परवा बाईंनी विचारलं, तुमच्याकडे कुस्ती आहे ना, मग तुला हे येत कसं नाही?

तेव्हा आबा, काम तुमच्याकडे आहे. पट काढताना तुम्ही गुडघा टेकून आत शिरायचात. इथे तो टेकला की संपलं. गुडघा वर ठेवून पट निघतो का? डोकं आतल्या बाजूला ठेवू की बाहेरच्या? तालमीतल्या एखाद्या पोरावर करून बघा आणि फोनवर न सांगता आकृती काढून पाठवा. जूनअखेर आमची छोटी स्पर्धा आहे, पत्र त्याआधी पोहोचायला हवं.

तुमची,
वैशू