ग्रीलची किल्ली

मुलगी ११ महिन्यांची झाली आणि आमच्या पिरंगुटच्या घरात एकेक गोष्ट बंद व्हायला लागली. सॉकेटवर झाकणं आली, ड्रॉवरला पट्ट्या लागल्या, स्वयंपाकघराच्या दारात बुटकं फाटक बसलं. सासूबाईंनी काडेपेटी फ्रीजवर ठेवली आणि समई खालच्या चौरंगावरून वरच्या फळीवर नेली. पोर रांगायला लागलं की हे सगळ्याच घरांत होतं.

मी अडले ती गॅलरीच्या ग्रीलपाशी. घर दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ग्रील हवंच. फॅब्रिकेटर म्हणाला, "ताई, फुल पॅक करून टाकू, मजबूत होतं." मी त्यात उघडणारी खिडकी मागितली. "चोराची सोय करताय होय?" म्हणून तो हसला.

माझ्या डोक्यात उरवडे होतं. आमच्यापासून काही किलोमीटरवरच. ७ जून २०२१ ला तिथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यात बहुतेक बायका होत्या. आत पोचायला जेसीबी लावून भिंत फोडावी लागली. कारखाना आणि घर एक नव्हे, मान्य. पण बाहेर पडायला वाट न मिळणं दोन्हीकडे सारखंच.

मूल जपायचं तर बंद करायचं आणि आग लागली तर उघडायचं. ऑनलाइन मिळणाऱ्या बेबी सेफ्टी किटमध्ये फक्त पहिल्या अर्ध्याचा विचार असतो.

गॅसचं बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत साचतो. म्हणजे रांगणारं मूल आपल्याआधी त्यात सापडतं. अशा वेळी विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, पोराला घेऊन बाहेर पडायचं आणि मग १९०६ ला फोन. धुराचं उलटं. तो वर चढतो, म्हणून मोठ्यांनीही खाली वाकून, रांगतच निघायचं. (या एका बाबतीत आमची मुलगी घरात सगळ्यांत तयार आहे.)

शेवटी ग्रीलला खिडकी झाली, अग्निशमनच्या शिडीवरून माणूस बाहेर काढता येईल एवढी. नवऱ्याचं म्हणणं, आतून नुसती कडी पुरे. पण पोरगी वर्षभरात स्टुलावर चढेल आणि कडी काढेल. म्हणून कुलूप लावलं, किल्ली बाजूच्या भिंतीवर पाच फुटांवर खिळ्याला. ती तिथून कुणी हलवायची नाही.

एका रात्री दिवे घालवून सगळ्यांना ते कुलूप उघडायला लावलं. सासूबाई पुटपुटल्या, पण दुसऱ्या खेपेला त्यांनी उघडलं. सासऱ्यांना चार खेपा लागल्या. मुळशीच्या पावसात कुलूप गंजतं, त्यामुळे तेल घालायचं काम आता त्यांच्याकडे आहे.